पावायीच्या छत्रीची काडी

मी एक जुनी काडी आहे. आगपेटीतली नव्हे, पोलादाची. लांबीला वीतभर, मागे लाकडाची मूठ आणि पुढे नखाइतकं पातळ टोक. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. पाहिलं असतं तरी मोडक्या छत्रीचा तुकडा म्हणून फेकून दिलं असतं. त्यात तुमची चूक नाही. मी छत्रीचाच तुकडा आहे.

मी नामक्कलला राहते. सेलमच्या रस्त्यावर लॉऱ्यांचे सांगाडे बांधणाऱ्या शेड आहेत, त्यांच्या रांगेत शेवटचं दुकान नाच्चिमुत्तूचं. तो गाड्यांची वायरिंग करतो. दिवा लागत नाही, हॉर्न वाजत नाही, गाडी चालता चालता बंद पडते, अशा तक्रारी घेऊन लोक त्याच्याकडे येतात. मी त्याची पिना काढायची काडी.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाडीत तारेला तार जोडायची असते तिथे प्लॅस्टिकची एक डबी असते. तिला कपलर म्हणतात. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळेची छोटी पिन असते आणि ती पिन डबीतल्या आपल्या घरात बसलेली असते. पिनेच्या अंगावर एक बारीक जीभ असते. पिन आत गेली की ही जीभ उघडते आणि घराच्या कडेला अडते. मग तार कितीही ओढा, पिन बाहेर येत नाही. गाडी खड्ड्यांतून हादरत जाते, म्हणून ही सोय. पण पिन जळली किंवा गंजली तर ती बाहेर काढायची कशी? तिथे मी लागते. नाच्चिमुत्तू आधी तार किंचित आत ढकलतो, म्हणजे जिभेवरचा ताण सुटतो. मग मी समोरून पिनेच्या कडेकडेने आत शिरते आणि जीभ दाबून धरते. मग तो मागून तार हलकेच ओढतो, आणि पिन निमूट बाहेर येते. घाईने ओढलं तर घर फुटतं. जोरात दाबलं तर जीभ तुटते. नवी पिन बसवताना तिची जीभ जरा उचलायची, टक असा आवाज येईपर्यंत आत सारायची आणि एकदा ओढून बघायची. काम एवढंच. पण ते नीट करणारे फार नाहीत. पुष्कळ जण कपलरच कापून टाकतात, तारांना पीळ देतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. नाच्चिमुत्तूला ते आवडत नाही. तो म्हणतो, "बांधून ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे."

माझा जन्म एकवीस वर्षांपूर्वीचा. तोवर नाच्चिमुत्तू जुन्या लॉऱ्यांवर काम करायचा. त्यांत फारसे कपलर नसत. नव्या गाड्या यायला लागल्या आणि त्याची पंचाईत झाली. त्याने शिवणाची सुई वापरून पाहिली, ती मोडली. बायकोच्या केसांतली पिन वापरली, ती वाकली. बायको म्हणजे पावायी. ती रोज दुपारी जेवणाचा डबा घेऊन दुकानात यायची. केसांतली तिसरी पिन गेली तेव्हा ती म्हणाली, "मामा, आता केस मोकळे सोडून आले तर लोक विचारतील, अंगात आलंय का म्हणून." इकडे बायका नवऱ्याला मामा म्हणतात.

आणखी काही दिवसांनी पावायी आली ती तणतणतच. बसस्टँडवर वाऱ्याने तिची छत्री उलटी झाली होती. चांगली लाकडी दांड्याची काळी छत्री, तिच्या माहेरची. तिने ती टेबलावर आपटली.

"हे घ्या. माझ्या बापाची शेवटची वस्तू."

नाच्चिमुत्तूने छत्री उचलली, एक काडी वाकवून पाहिली, सोडली. ती सरळ झाली. त्याने पुन्हा वाकवली.

"पावायी, हिचं पोलाद बघ."

"मी छत्रीसाठी रडतेय आणि तुम्ही पोलाद बघताय?"

"अगं, किती पातळ, तरी वाकत नाही."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "मोडली ती मोडली. काड्या तरी कामाला येऊ देत."

पहिली काडी त्याने स्टोव्हवर लाल केली. ती मऊ पडली. दुसरी तापवून तेलात बुडवली, ती ठिसूळ होऊन तुटली. तिसरी मी. मला त्याने तापवलंच नाही. कानशीवर दोन दिवस हळूहळू घासलं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवलं. छत्रीच्या दांड्याचाच तुकडा कापून मूठ केली. छत्रीच्या काडीला एका अंगाने खाच असते, पन्हळीसारखी. टोकापर्यंत ती त्याने तशीच ठेवली, कारण त्या खाचेमुळेच पातळ काडीला ताकद येते. ही खाच लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी नाच्चिमुत्तूच्या खिशात नाहीतर हातात असायची. लॉऱ्या, बोअर मारायच्या गाड्या, अंड्यांच्या गाड्या, शाळेच्या बसगाड्या. आत शिरायचं, जीभ दाबायची, बाहेर यायचं. एकदा मोठ्या कंपनीचा एक इंजिनिअर आला होता. त्याच्याकडे चामड्याच्या पेटीत चकचकीत हत्यारं होती. मला बघून तो हसला. म्हणाला, "हे काय, दात कोरायचं?" तासाभराने त्याचं एक हत्यार एका जुन्या कपलरमध्ये जाईना, तेव्हा त्याने हळूच हात पुढे केला. "अण्णा, ती तुमची छत्री द्या बरं जरा." नाच्चिमुत्तूने ही गोष्ट वर्षभर सगळ्यांना सांगितली. पावायीने तर दोन वर्षं.

वर्षातून एकदा मला सुट्टी मिळायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे आयुधांची पूजा असते. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन देवापुढे मांडतात, त्यांना चंदनाचे आणि कुंकवाचे टिळे लावतात, चुरमुरे, फुटाणे, गूळ ठेवतात, दुकानापुढे कोहळा फोडतात. एकदा मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी नाही. पूजा पावायी करायची. पकडी, पाने, टेस्टर, सोल्डरिंगची कांडी, सगळ्यांना पाट मिळायचा, पण मला ती मधोमध ठेवायची. "ही माझ्या माहेरची," म्हणायची आणि मुठीपासून टोकापर्यंत चंदन लावायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाच्चिमुत्तू अंघोळ करून देवळात जायचा आणि तिथून दुकानात यायचा. तो येईपर्यंत सगळी हत्यारं आपापल्या खिळ्यावर लटकलेली असायची. त्याला वाटायचं, पूजा झाली, हत्यारं उचलली, संपलं.

पण मधे एक काम व्हायचं. ते नाच्चिमुत्तूला माहीत नव्हतं. समोर अत्तायी नावाच्या म्हाताऱ्या बाईची चहाची टपरी आहे. पावायी सकाळी तिच्या खराट्यातला एक हीर मागून आणायची. दगडावर घासून त्याला धार काढायची आणि माझ्या खाचेत वाळून बसलेलं चंदन टोकरून काढायची. मग ओल्या फडक्याने पुसायची, कोरड्याने पुसायची, उजेडाकडे धरून एक डोळा मिटून खाचेत बघायची. रवा चाळायच्या चाळणीची भोकं ती जशी बघत असेल तशी. तिला तारांतलं काही कळत नव्हतं. पण बारीक खाचेत राहिलेलं पीठ दुसऱ्या दिवशी त्रास देतं, एवढं तिला स्वयंपाकघरात कळलं होतं. याबद्दल ती नवऱ्याला काही बोलली नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसावं.

मध्ये काही वर्षं मी मागेही पडले. नाच्चिमुत्तूची मुलगी पूंगोडी लग्न होऊन कोईमतूरला गेली. तिच्या नवऱ्याने सासऱ्यासाठी नव्या हत्यारांचा संच आणला. अकरा नग, रंगीत मुठी. मी पेटीच्या तळाशी गेले. तिथे माझ्यावर जुने फ्यूज आणि गंजके स्क्रू पडले. खोटं कशाला सांगू, वाईट वाटायचं. पण दसऱ्याला पावायी मला शोधून काढायचीच आणि पाटावर मधोमध ठेवायची. पुढे त्या अकरांतले चार मोडले, तीन हरवले, आणि नाच्चिमुत्तूचा हात आपोआप पेटीच्या तळाकडे गेला.

मग एका जानेवारीत, पोंगलला चार दिवस असताना, पावायी गेली. ताप आला होता. साधा म्हणाले. पाचव्या दिवशी ती दुपारी डबा घेऊन आली नाही, आणि नंतर आलीच नाही.

नाच्चिमुत्तूने महिनाभराने दुकान उघडलं. पावायीचा फोटो देवाच्या फळीवर लावला. तो कामाला बसायचा, मला हातात घ्यायचा आणि तसाच बसून राहायचा. कधी कधी गिऱ्हाईक म्हणायचं, "अण्णा, पिन." मग तो "हो" म्हणायचा. त्या वर्षी घरात सुतक म्हणून सण झाले नाहीत. आयुधांची पूजाही झाली नाही. अत्तायी रोज दुपारी चहाबरोबर दोन इडल्या आणून ठेवायची आणि ओरडायची, "तंबी, खा. वाळून माझ्या खराट्यासारखा झालास." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

पूंगोडी फोन करायची. "अप्पा, दुकान बंद करा. इकडे या."

"बघू."

"बघू बघू म्हणत वर्ष गेलं."

"गाडी चांगली चालतेय तोवर चालवायची."

"आणि मग?"

"मग येईन."

पुढच्या वर्षी दसरा आला. नाच्चिमुत्तूने ठरवलं की पूजा करायची, आणि पावायी करायची तशीच करायची. त्याने हत्यारं धुतली. पाट मांडला. चंदन कालवलं ते वाडगाभर. अत्तायी बघायला आली होती.

"तंबी, जरा बेताने. हत्यारं आहेत, नवरदेव नव्हेत."

"तिच्यासारखं व्हायला हवं, अक्का."

"तिच्यासारखं तर होतंय. तिच्या चौपट होतंय."

मला त्याने मधोमध ठेवलं. मुठीपासून टोकापर्यंत चंदन लावलं. खाच काठोकाठ भरली. टोकावर कुंकवाचा टिळा लावला. मग हात जोडले आणि बराच वेळ उभा राहिला. ते चंदन इतक्या मायेने लावलेलं होतं की मला पुढचं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो देवळातून आला. हत्यारं पाटावरच होती. त्याला क्षणभर नवल वाटल्यासारखं झालं. मग त्याने एकेक उचललं, फडक्याने वरवर पुसलं आणि खिळ्यावर लावलं. माझी मूठ पुसली, टोक पुसलं. खाचेत बघितलं नाही. हीर आला नाही. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

मुहूर्ताचं पहिलं काम कुप्पण्णन घेऊन आला. त्याची अंड्यांची गाडी आहे. नामक्कलहून अंडी भरतो आणि पालघाटला नेऊन पोचवतो. "अण्णा, वर्षाचं पहिलं काम माझं. तुमच्या हाताला यश आहे." टाकीजवळच्या डिझेल-पंपाच्या कपलरमधली एक पिन जळली होती. नाच्चिमुत्तू गाडीखाली सरकला. तार किंचित आत ढकलली, मी आत गेले, जीभ दाबली, पिन आली. नवी पिन बसवली. टक. ओढून पाहिली. सगळं नियमाने झालं. फक्त माझ्या खाचेतल्या चंदनाचे दोन-चार कण त्या घरात सांडले.

चौथ्या दिवशी कुप्पण्णन परत आला. "अण्णा, भवानी नदीच्या पुलावर गाडी बंद पडली. मागे गाड्यांची ही रांग. लोकांनी मला अशा शिव्या घातल्या की आतली अंडी उबून पिल्लं बाहेर यायची बाकी होती."

नाच्चिमुत्तूने पुन्हा पिन काढली. मी पुन्हा आत गेले. डबीत पिवळी पूड दिसत होती. त्याने ती फुंकली. अंड्यांच्या गाडीखाली सगळंच पिवळं असतं. ट्रेमधून फुटक्या अंड्यांचा बलक गळतो, वाळतो, तारांवर पापुद्रे धरतो. त्याला तेच वाटलं. कुणालाही वाटलं असतं. त्याने फ्यूज बदलला, पिन घासली, बसवली. घासलेली पिन चारच दिवस चालली, कारण मधे मी पुन्हा थोडं चंदन ठेवून आले होते.

असं तीनदा झालं. दर वेळी दोष काढायला मीच आत जायची, आणि दर वेळी दोष मीच आत ठेवून यायची.

चौथ्या वेळी कुप्पण्णन आला तेव्हा हसत नव्हता. पालघाटच्या अलीकडे एका चढावर गाडी बंद पडली होती. इंजिन बंद पडलं की ब्रेक जड होतो. तो दाबेपर्यंत गाडी मागे घसरली. मागे स्कूटरवर एक बाई आणि तिची लेक होती. दोघींनी स्कूटर टाकून बाजूला उडी मारली म्हणून वाचल्या. स्कूटर चाकाखाली गेली. रस्ताभर अंडी फुटली.

"बायपासवरच्या नव्या दुकानात नेली गाडी," कुप्पण्णन म्हणाला. "त्यांनी मशीन लावलं. म्हणतात, सगळी वायरिंगच बदला. अण्णा, रागावू नका, पण सांगतो. पावायीअक्का गेल्यापासून तुमचा हात तुमचा राहिला नाही. मी तुमच्या शब्दावर गाडी रस्त्यावर घालत होतो."

 कुप्पण्णन गेल्यावर नाच्चिमुत्तूने पूंगोडीला फोन लावला. "दिवाळीला येतो. राहायलाच येतो."

पलीकडून ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. हा म्हणाला, "नाही, भांडण नाही झालं कुणाशी. उद्या माझ्या हाताने कुणाचा जीव जाईल. त्याआधी थांबतो."

राशीपुरमचा एक ओळखीचा वायरमन हत्यारं न्यायला तयार झाला. मळकं हत्यार दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, असा नाच्चिमुत्तूचा नेम. तो सकाळपासून एकेक साफ करत बसला. पकडींच्या खाचा, पान्यांचे दाते. दुपारी माझी पाळी आली. फडकं माझ्या खाचेत जाईना. त्याने सुई घेतली आणि वर्तमानपत्रावर धरून मला टोकरलं. कागदावर पिवळे खवले पडले. मग एक लाल कण पडला.

तो त्या लाल कणाकडे बघत राहिला. अंड्याच्या बलकात लाल कण कुठून येईल? त्याने पिवळा खवला बोटावर घेतला, पाण्याचा थेंब टाकला, चोळला आणि नाकाशी नेला.

चंदनाचा वास आला.

तो उठला तो थेट समोरच्या टपरीत गेला. मी त्याच्या हातातच होते.

"अक्का, एक विचारतो. पूजेचं चंदन या काडीत आधीही लागायचं. एकोणीस वर्षं लागलं. तेव्हा कधी असं का झालं नाही?"

अत्तायी कप विसळत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "ही ती पावायीची काडी का? हिच्यापायी तर माझा खराटा विरळ झाला."

"म्हणजे?"

"दर दसऱ्याला सकाळी यायची. अक्का, एक हीर दे. मी म्हणायची, बाई गं, सणासुदीला खराटा कशाला मोडतेस? तर म्हणायची, मामांच्या काडीतलं चंदन काढायचंय, मामा देवळातून यायच्या आत. तिथे तुझ्या पायरीवर बसून काढायची. एक डोळा मिटून बघायची, अशी." अत्तायीने कप डोळ्याशी धरून दाखवलं. "तुला माहीत नाही?"

"नाही."

"एकोणीस वर्षं?"

"मला वाटायचं, हत्यारं आपली असतातच साफ."

अत्तायीने टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, पण मारला नाही. नाच्चिमुत्तूने चष्मा काढला आणि लुंगीच्या टोकाने पुसायला लागला. चष्मा इतका मळलेला नव्हता. तरी तो बराच वेळ पुसत होता. मग म्हणाला, "एक हीर दे."

पायरीवर बसून त्याने माझी खाच साफ केली. ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुसली. उजेडाकडे धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. मग कुप्पण्णनला फोन केला. "गाडी कुठे आहे? तिथेच थांब. वायरिंग बदलू नकोस."

अंड्यांच्या गोदामात कुप्पण्णन पाय आपटतच सामोरा आला. "आता काय राहिलंय, अण्णा?"

"चूक सापडली. गाडीची नाही, तारेची नाही. माझी आहे." नाच्चिमुत्तूने कागदात बांधून आणलेले खवले त्याच्या तळहातावर ठेवले. "वास घे."

कुप्पण्णनने वास घेतला. "चंदन?"

"पूजेचं. काडीत राहिलं होतं. दर वेळी तुझ्या पिनेवर जाऊन बसलं. पिनेला पिन लागते तिथे मधे चंदन. मी साफ केलं नाही."

"म्हणजे देवानेच माझी गाडी बंद पाडली म्हणायची."

"देवाला मधे आणू नकोस. मी साफ केलं नाही. त्या स्कूटरवाल्या बाईचा पत्ता दे. तिलाही मीच सांगणार."

 कुप्पण्णनने स्वतःच गाडीखाली गोणपाट अंथरलं.

नाच्चिमुत्तूने त्या कपलरच्या चारही पिना काढल्या. चार वेळा मी आत गेले, चार वेळा रिकाम्या खाचेने बाहेर आले. प्रत्येक घर त्याने ब्रशने झाडलं, प्रत्येक पिन चकचकीत केली, जिभा उचलल्या, बसवल्या. टक, टक, टक, टक. चारही ओढून पाहिल्या. मग म्हणाला, "पालघाटला जाऊन ये. मी बरोबर येतो."

"तुम्ही कशाला?"

"बंद पडली तर मी शेजारी बसलेला असायला हवा."

दोघे पालघाटला गेले. मी खिशात होते. भवानीचा पूल गेला, तो चढ गेला. चढावर कुप्पण्णन तोंडातल्या तोंडात मोजल्यासारखं काहीतरी म्हणत होता. गाडी थांबली नाही. परतताना त्या बाईच्या घरी गेले. ती आधी खूप बोलली. नाच्चिमुत्तूने सगळं ऐकून घेतलं. तिची वाकलेली स्कूटर गाडीत टाकून त्यांनी नामक्कलला आणली, शेजारच्या शेडमध्ये ती सरळ करून घेतली आणि तिची सगळी वायरिंग नाच्चिमुत्तूने नव्याने केली. माझ्याच मदतीने.

राशीपुरमचा वायरमन हत्यारं न्यायला आला. चहा पिऊन रिकाम्या हाती गेला.

दिवाळीला नाच्चिमुत्तू कोईमतूरला गेला खरा. चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी पूंगोडी चिडून म्हणाली, "राहायला येतो म्हणाला होतात." तो म्हणाला, "राहिलो की. आता गाड्या उभ्या असतील." मला त्याने खिशातून नेलं होतं, हे तिने बघितलं. मग तिने आग्रह सोडला. तिच्या आजोबांची छत्री तिला आठवत होती.

त्यालाही आता वर्ष झालं. गेल्या आठवड्यात पुन्हा पूजा झाली. मला पाटावर मधोमध बसवलं, मुठीपासून टोकापर्यंत चंदन लावलं. चंदन कमी लावलं नाही. दुसऱ्या दिवशी नाच्चिमुत्तू देवळात उशिरा गेला. आधी समोरच्या टपरीत जाऊन म्हणाला, "अक्का, एक हीर." अत्तायी म्हणाली, "घे. आता तुझ्याकडूनही खराटा मोडून घेणं माझ्या नशिबी." तो पायरीवर बसला आणि त्याने माझी खाच साफ केली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मला पेटीच्या तळाशी टाकलं तेव्हा माझं काही बिघडलं नव्हतं. देवापुढे बसवून नुसतं सोडून दिलं तेव्हा बिघडलं. तुमच्या घरीही दसऱ्याला सायकल, पुस्तकं, शिवणयंत्र यांची पूजा होत असेल. हळदकुंकू जरूर लावा. पण दुसऱ्या दिवशी ते पुसून घ्या, खाचाखोचांतून सुद्धा. आणि इतकी वर्षं ते कोण पुसत होतं, हे आजच घरात विचारा. ते माणूस घरात आहे तोवर विचारा.